न घेतलेला पगार

महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे केलं, त्याबद्दलची ती कृतज्ञता होती. मित्रहो, या मुक्तीसाठी कृष्णवर्णीय माणसं स्वतःही लढली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत होते. त्यांचे अधिकारी मात्र जवळजवळ सगळे गोरे. त्यातल्या एका पलटणीची ही हकिकत आहे.

१८६३ च्या सुरुवातीला बॉस्टनजवळ ‘५४ वी मॅसॅच्युसेट्स’ पलटण उभी राहिली. कर्नल होता रॉबर्ट गुल्ड शॉ, वय अवघं २५. भरतीच्या वेळी शिपायांना वचन मिळालं होतं की, गोऱ्या शिपायाइतकाच, म्हणजे महिना १३ डॉलर पगार मिळेल. प्रत्यक्षात सरकारने हातावर ठेवले ७ डॉलर. पगार १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ वजा! काळा सार्जंट झाला तरी तेवढेच.

पलटणीने पगार घ्यायलाच नकार दिला. शॉने गव्हर्नरांना कळवलं की, पूर्ण पगार द्या, नाहीतर या लोकांना सेवेतून मोकळं करा.

१८ जुलै १८६३ रोजी चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर ही बिनपगारी पलटण सर्वांत पुढे चालून गेली. सुमारे ६०० पैकी २७० हून अधिक जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. शॉ तटावरच पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. त्याच्या वडिलांनी कळवलं, त्याला तिथेच राहू द्या. विल्यम कार्नी या सार्जंटने जखमी अवस्थेत सरपटत ध्वज परत आणला. त्याचं शौर्यपदक त्याला मिळालं १९०० साली, ३७ वर्षांनी.

पगाराचा प्रश्न तसाच होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरचे पैसे भरून द्यायची तयारी दाखवली. शिपायांनी तेही नाकारलं. घरी बायकामुलांचे हाल होत होते, पण अपमान ज्या सरकारने केला त्यानेच तो दूर करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर १८६३ मध्ये जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने थेट अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून विचारलं, आम्ही शिपाई आहोत की मजूर?

दक्षिण कॅरोलिनातल्या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय पलटणीत विल्यम वॉकर नावाचा सार्जंट होता. गुलामीतून निसटून आलेला. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याने आपल्या साथीदारांसह गोऱ्या कर्नलच्या तंबूसमोर बंदुका रचून ठेवल्या. पूर्ण पगार नाही, तर चाकरी नाही! त्याच्यावर बंडाचा आरोप ठेवून खटला चालला आणि २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

जून १८६४ मध्ये कायदा झाला, पण त्यात मेख होती. १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते, त्यांनाच भरतीपासूनची पूर्ण थकबाकी. मग पळून आलेल्या गुलामांनी काय करायचं? शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल हा क्वेकर घराण्यातला. त्याने एक शपथ तयार केली. त्या तारखेला आपण कोणाचंही बिनमोल राबण्याचं देणं लागत नव्हतो, एवढंच शिपायाने सांगायचं. देवाच्या दरबारी कोणी कोणाचा गुलाम नसतोच. तेव्हा कालपर्यंतचा गुलामही ही शपथ बिनदिक्कत घेऊ शकत होता. संपूर्ण पलटणीने ती घेतली. वर्षाहून अधिक काळाच्या हट्टानंतर, १८६४ च्या शरद ऋतूत, पूर्ण पगार हाती पडला.

तो घ्यायला गुडिंग नव्हता. शत्रूच्या कैदेत, अँडरसनव्हिलच्या छावणीत तो जुलैमध्येच मरण पावला होता.

७ आणि १३ यांत फरक फक्त ६ डॉलरचा. पोटाचा हिशेब केला असता तर ७ डॉलर घेऊन गप्प बसणं सोपं होतं. पण कमी दाम घेणं म्हणजे आपण कमी माणूस आहोत हे कबूल करणं, हे त्या शिपायांना पक्कं ठाऊक होतं. घामाचं आणि रक्ताचं मोल रंगावरून ठरवायचं नसतं, हा धडा त्यांनी स्वतःच्याच सरकारला शिकवला.

मार्च १८६५ च्या कायद्याने दक्षिण कॅरोलिनातल्या पलटणींनाही मागची पूर्ण बाकी मिळाली. वॉकरने जे मागितलं होतं, तेच. त्याला जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणावरून)