पोलिसांत दिलेल्या तक्रारीचं पुढे काय झालं? माहिती अधिकारात असं विचारा

पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला. शिक्का मारलेली पोहोच मिळाली. त्यानंतर दोन महिने फक्त उत्तरं मिळत राहिली: 'साहेब बंदोबस्ताला गेलेत', 'तपास सुरू आहे', 'पुढच्या आठवड्यात या'. अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, त्यावर कोणी काय शेरा मारला, की तो कधीच दप्तरी दाखल झाला, हे अर्जदाराला कोणीच सांगत नाही.

अशा वेळी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. पोलीस ठाणं हेही सरकारी कार्यालयच आहे आणि तिथले कागद भारतीय नागरिकाला मागता येतात. मात्र काय मागायचं आणि कसं मागायचं, यावर बरंच काही अवलंबून असतं. चुकीच्या पद्धतीनं विचारलेल्या प्रश्नाला 'माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो.

आधी हे ठरवा: तुमच्याकडे कोणता कागद आहे?

'पोलिसांत केस केली' असं आपण सरसकट म्हणतो. पोलिसांच्या दप्तरात मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात.

तक्रार अर्ज: साध्या कागदावर दिलेला अर्ज. त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो एखाद्या अधिकाऱ्याकडे चौकशीला जातो. यावर गुन्हा दाखल झालेलाच असतो असं नाही.

एनसी: म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा प्रकरणांत ही नोंद होते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत.

एफआयआर: म्हणजे प्रथम खबर अहवाल. दखलपात्र गुन्ह्यात तो नोंदवला जातो, त्याला गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो आणि तपास सुरू होतो.

हातातला कागद यांपैकी कोणता, हे पाहूनच पुढचा अर्ज लिहायचा. अनेकांना वाटतं की एफआयआर झाली आहे, प्रत्यक्षात हातात एनसीची पावती असते.

आरटीआयशिवाय काय मिळतं?

काही कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायची गरजच नसते.

एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला मोफत मिळते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२)मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे.

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत टाकावी लागते. दुर्गम भागांसाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून एफआयआर शोधता येते.

तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला कळवणं हे त्याच संहितेच्या कलम १९३नुसार पोलिसांचं काम आहे. ते कळवलं नसेल, तर या कलमाचा उल्लेख करून आधी लेखी विचारणा करता येते.

प्रकरण न्यायालयात गेलं असेल, तर तिथल्या कागदांसाठी न्यायालयातच नक्कल अर्ज करावा लागतो. न्यायालयाच्या नियमांनुसार मिळणाऱ्या प्रतींसाठी आरटीआयचा मार्ग वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२०मध्ये स्पष्ट केलं आहे.

'का' विचारू नका, कागद मागा

माहिती अधिकारात मिळते ती कार्यालयाच्या दप्तरात आधीपासून असलेली माहिती. अधिकाऱ्यानं नवं स्पष्टीकरण लिहून देणं किंवा मत व्यक्त करणं या कायद्यात बसत नाही. त्यामुळे 'माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही?' हा प्रश्न कितीही रास्त असला, तरी त्याला उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते.

तोच प्रश्न कागदाच्या भाषेत विचारला की चित्र बदलतं. तक्रार अर्ज दिला असेल तर हे मागता येतं:

- आवक नोंदवहीतली त्या अर्जाची नोंद
- अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे चौकशीला दिला, तो आदेश किंवा शेरा
- चौकशी अहवाल
- अर्ज दप्तरी दाखल केला असेल, तर तो आदेश आणि त्यातलं कारण
- वरिष्ठ कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार

एफआयआर झाली असेल, तर तपासी अंमलदाराचं नाव आणि हुद्दा, तपास दुसऱ्याकडे दिला असल्यास त्याचे आदेश, दोषारोपपत्र किंवा समरी अहवाल न्यायालयात पाठवल्याची तारीख आणि जावक क्रमांक विचारता येतो.

समरी हा शब्द महाराष्ट्रात वारंवार कानावर येतो. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही, तर 'अ' समरी. तक्रार जाणूनबुजून खोटी दिली, असा निष्कर्ष असेल तर 'ब' समरी. गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार असेल तर 'क' समरी. यातली कोणती समरी पाठवली, हे फिर्यादीनं वेळेत जाणून घेणं फार महत्त्वाचं असतं. कारण तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५मध्येच सांगितलं आहे.

अर्जाचा नमुना

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करतात. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांपर्यंतचा असावा, असा २०१२पासून राज्याचा नियम आहे. म्हणून पाल्हाळ नको. माहितीचा तपशील असा लिहिता येईल:

'मी दि. __ रोजी __ पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रार अर्जाचा (आवक क्र. __) संदर्भ घ्यावा. या अर्जाबाबत दि. __ ते आजपर्यंतच्या कालावधीतील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: १) आवक नोंदवहीतील नोंद. २) चौकशीसाठी अर्ज सोपवल्याचा आदेश किंवा शेरा. ३) चौकशी अहवाल. ४) अर्ज दप्तरी दाखल केला असल्यास त्याचा आदेश. ५) संबंधित चौकशी अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा. काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी.'

माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. कलम ६(२)नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर केली असेल, तर आवक क्रमांकाच्या जागी तिथे मिळालेला पोहोच क्रमांक लिहावा आणि ती तक्रार कोणत्या पोलीस ठाण्याकडे, कोणत्या तारखेला वर्ग झाली, हेही विचारावं.

कुठे द्यायचा, किती खर्च, किती दिवस?

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. त्यांचं आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं नाव कार्यालयातल्या फलकावर लावलेलं असतं. नाव माहीत नसेल, तर नुसतं 'जन माहिती अधिकारी' आणि कार्यालयाचा पत्ता लिहिला तरी चालतं. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर कलम ६(३)नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं बंधनकारक आहे.

शुल्क १० रुपये. प्रत्यक्ष किंवा टपालानं अर्ज करताना १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावणं सगळ्यात सोपं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास शुल्क माफ असतं. छायाप्रतीचे पानामागे २ रुपये पडतात. राज्य शासनाच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो, पण तुमचं पोलीस कार्यालय तिथल्या यादीत आहे का, हे आधी पाहावं.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ४८ तासांत द्यावी लागते. मुदत उलटली, तर प्रतींचे पैसे घेता येत नाहीत.

पोलीस ठाण्यातच गैरवर्तन झालं असेल, तर तिथल्या सीसीटीव्ही चित्रणासाठी अर्ज करताना उशीर करू नये. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२०मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रण शक्यतो १८ महिने आणि किमान एक वर्ष जपून ठेवायला सांगितलं आहे. तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा नेमकी लिहावी, चित्रण जतन करावं अशी विनंतीही लेखी द्यावी.

'तपास सुरू आहे' म्हणून नकार आला तर?

पोलिसांकडून सर्वाधिक वापरलं जाणारं कारण म्हणजे कलम ८(१)(ज). माहिती दिल्यानं तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटला चालवण्यात अडथळा येणार असेल, तर ती नाकारता येते. पण कलमातला कळीचा शब्द 'अडथळा' हा आहे. तपास सुरू असणं एवढंच कारण पुरेसं नाही, माहितीमुळे तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावं लागेल, असं दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २००७मध्ये म्हटलं. आवक नोंदवहीतल्या एका ओळीमुळे किंवा अधिकाऱ्याच्या नावामुळे तपास कसा बिघडेल, हा प्रश्न अपिलात विचारता येतो. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कायद्यानं जन माहिती अधिकाऱ्यावरच टाकली आहे.

काही गोष्टी मात्र मिळत नाहीत, किंवा मिळणं कठीण असतं. खबऱ्याची ओळख, साक्षीदाराच्या जिवाला धोका होईल असा तपशील, चालू तपासाची केस डायरी यांत येतात. दोषारोपपत्र सरसकट सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३मध्ये फेटाळली. दुसऱ्याच्या वैयक्तिक माहितीबाबतचं कलमही डेटा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीमुळे आता अधिक कडक झालं आहे. तरीही व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) कायम आहे. शेजाऱ्यानं कोणाविरुद्ध काय तक्रार दिली, हे शोधण्यापेक्षा स्वतःच्या तक्रारीवरचे कागद मागणाऱ्याची बाजू म्हणूनच भक्कम असते.

अपिलाच्या तारखा चुकवू नका

उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. महाराष्ट्रात त्यासाठी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. या अपिलावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तिथेही समाधान झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड करू शकतो. आयोगाकडच्या सुनावणीला बराच वेळ लागू शकतो, त्यामुळे पहिलं अपीलच नीट, मुद्देसूद लिहावं.

कागद हातात आल्यावर पुढे काय?

आरटीआयमुळे गुन्हा दाखल होत नाही, आणि माहिती आयोगही पोलिसांना तसा आदेश देऊ शकत नाही. इथेच अनेकांची अपेक्षा आणि कायदा यांत फरक पडतो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१३मध्ये सांगितलं. ती नोंदवली जात नसेल तर कलम १७३(४)नुसार आधी पोलीस अधीक्षकांकडे टपालानं लेखी तक्रार, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा मार्ग आहे.

पण त्या मार्गावर आरटीआयमधून मिळालेला कागद उपयोगी पडतो. अमुक तारखेला अर्ज मिळाला, अमुक अधिकाऱ्याकडे गेला आणि एकही जबाब न घेता दप्तरी दाखल झाला, हे पोलिसांच्याच साक्षांकित प्रतीवरून दाखवता येतं. ही मुदत चालू असतानाही अधीक्षकांकडे किंवा न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद होत नाही. आरटीआयच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

शेअर करण्याआधी थांबा

मिळालेला कागद जसाच्या तसा फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह होतो. त्यात साक्षीदारांची नावं, पत्ते, फोन क्रमांक असू शकतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित व्यक्तीची किंवा बालकाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कागद आधी वकिलाला दाखवावा, आणि टाकायचाच असेल तर असे तपशील झाकून टाकावा.

या सगळ्याची सुरुवात एका छोट्या गोष्टीपासून होते. तक्रार देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. तो नसेल, तर आपला अर्ज पोलीस ठाण्यात पोहोचला होता, हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.