सर्टिफिकेटाचं माहेर

जामनेरच्या एखाद्या शाळेच्या संकेतस्थळासाठी ओपनएसएसएलमध्ये सर्टिफिकेटाचा अर्ज भरायला बसलं, की आधी देश विचारतात, मग राज्य, मग गाव. डोमेन येतं शेवटाकडे, 'कॉमन नेम' या रकान्यात. तिथे सूचना असते: सर्व्हरचं नाव किंवा तुमचं स्वतःचं नाव. सर्व्हरच्या अर्जात माणसाचं नाव कशाला?

कारण हे घराणं डिरेक्टरीचं. एक्स.५०९ हा साचा १९८८ साली एक्स.५०० या नियोजित जागतिक डिरेक्टरीसोबत आला. देशाखाली संस्था, संस्थेखाली माणूस, अशी तिची उतरंड. ती डिरेक्टरी जगभर कधी उभी राहिलीच नाही. साचा मात्र नेटस्केपनं एसएसएल या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीसाठी उचलला आणि माणसाच्या जागी डोमेन बसवलं.

एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळं ठेवणाऱ्यांचे पुढचे हाल मला या उसनवारीत दिसतात. जाणकार दुसरं कारण देतात: एसएसएलमध्ये सर्टिफिकेट आधी दाखवावं लागे आणि ब्राउझर संकेतस्थळाचं नाव नंतर सांगे, कुठलं दाखवावं हे सर्व्हरला कळायचं नाही, म्हणून दर डोमेनला वेगळा आयपी पत्ता. हे खरं, पण अर्धं. सगळी नावं एकाच सर्टिफिकेटात सहज मावली असती, तर निवडीचा प्रश्नच नव्हता. डिरेक्टरीतली नोंद मुळात एकाची! पर्यायी नावांची यादी एक्स.५०९च्या १९९६च्या तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि क्रोमनं कॉमन नेमकडे बघणं सोडलं ते थेट २०१७मध्ये.

यादीनं सगळं भागत नाही, हेही मान्य. शाळा आणि कापसाचा व्यापारी एकाच सर्टिफिकेटात कोंबले, तर नवं गिऱ्हाईक आलं की ते पुन्हा काढायचं. तो गुंता जून २००३च्या एसएनआयनं सोडवला: ब्राउझर पहिल्याच निरोपात संकेतस्थळाचं नाव कळवतो. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते जमत नव्हतं, म्हणून होस्टिंगवाले बरीच वर्षं बिचकले. डिसेंबर २०१५पासून लेट्स एन्क्रिप्ट सर्वांना फुकट सर्टिफिकेटं देऊ लागलं. आज जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळंही केंद्र सरकारच्या एनआयसीच्या एकाच एस३वास मंचावर नांदतात.

डिरेक्टरी आणि डोमेन यांच्या वंशभेदाचा सगळ्यात ठळक पुरावा मला देवनागरीत सापडतो. गावाच्या रकान्यात आजही 'जामनेर' देवनागरीत लिहिता येतं, कारण तो रकाना डिरेक्टरीचा. पण २०१४मध्ये खुलं झालेलं '.भारत' डोमेन घेतलं, तर पर्यायी नावांच्या यादीत ते 'एक्सएन'नं सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांतच जातं. यादीनं लिपी घेतली ती डोमेनच्या घराची.