एकट्या मुलाचें यंत्र आणि मुलांचा गट

शाळेंत यंत्र आलें तें प्रथम एकट्या मुलासाठीं आलें. सन १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनीं एक लहानसें यंत्र तयार केलें. त्याच्या खिडकींत प्रश्न दिसे व मुलानें चार कळींपैकीं एक दाबावयाची असे. उत्तर चुकलें तर प्रश्न जागचा हालत नसे. बरोबर आलें कीं पुढचा प्रश्न येई. पुढें सन १९५४ च्या सुमारास हार्वर्डचे बी. एफ. स्किनर यांनीं हाच विचार वाढविला. आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला बसले असतां त्यांना दिसून आलें कीं, आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें मुलांना फार उशिरां कळतें, आणि शीघ्र व मंद अशीं सर्व मुलें एकाच गतीनें हाकलीं जातात. दोन्ही दोष खरे होते. कोणताही शिक्षक ते नाकारणार नाहीं. परंतु त्यांवर जो उपाय निघाला त्यांत शेजारीं बसलेल्या मुलाला कांहींच काम उरलें नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेंत मोठा मुलगा लहानाकडून धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेई. या नव्या यंत्रापुढें विद्यार्थी एकटा होता.

सन १९७१ मध्यें टेक्सास राज्यांतील ऑस्टिन शहरीं निराळाच पेच पडला. शाळांतील वंशभेद मोडून गोरीं, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाचीं मुलें एका वर्गांत आणलीं गेलीं, आणि वर्गावर्गांत वैर पेटलें. इलियट ॲरन्सन हे मानसशास्त्रज्ञ पाहणीस गेले तेव्हां त्यांना या भांडणाचें खतपाणी शिकविण्याच्या रीतींतच आढळलें. शिक्षक प्रश्न विचारीत, मुलें हात उंचावून धडपडत, आणि एकाचें चुकलें कीं दुसरा मनांतून सुखावे! ॲरन्सन व त्यांचे सहकारी यांनीं पाठाचे तुकडे केले आणि गटांतील प्रत्येक मुलाच्या हातीं एकच तुकडा दिला. जोसेफ पुलित्झरचें चरित्र शिकावयाचें तर त्याचें बालपण एकापाशीं, उत्तरायुष्य दुसऱ्यापाशीं. परीक्षा मात्र सबंध चरित्राची. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मेक्सिकन मुलाची प्रथम थट्टा झाली. पण थट्टेनें त्याचा तुकडा आपल्याला मिळत नाहीं, धीर देऊन व नीट प्रश्न विचारूनच मिळतो, हें सोबत्यांना लवकरच उमगलें. तुकडे जुळवून चित्र पुरें करण्याच्या खेळावरून या पद्धतीला ‘जिगसॉ’ हें नांव पडलें. तींत यंत्र कोठेंही नव्हतें. कागद कापण्याची कात्री तेवढी होती.

याच सुमारास यंत्राच्या बाजूसही एक गंमत घडली. इलिनॉय विद्यापीठांत सन १९६० पासून डोनाल्ड बिट्झर यांची ‘प्लेटो’ ही संगणकयोजना चालू होती. तीही मूळची एकेकट्या विद्यार्थ्याला धडे देण्यासाठींच. सन १९७३ मध्यें तीवर ‘टॉकोमॅटिक’ आलें. पांच जणांनीं निरनिराळ्या ठिकाणीं बसून एकाच पडद्यावर लिहावें, आणि एकमेकांचें अक्षर न् अक्षर उमटतांना पाहावें, अशी ती सोय होती. ती पाहतां पाहतां लोकप्रिय झाली. पुढें १९८० नंतर टोरांटो येथें मार्लीन स्कार्डामालिया व कार्ल बेरायटर यांनीं संगणकावर वर्गाची सामायिक वहीच मांडली. एकानें शंका लिहावी, दुसऱ्यानें तर्क करावा, तिसऱ्यानें तो खोडावा.

कृत्रिम बुद्धि या कामीं लावण्याचा मोठा यत्न सन २०२० मध्यें कोलोरॅडो विद्यापीठांत, बोल्डर येथें सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें त्यासाठीं दोन कोटि डॉलर दिले. यंत्रानें गटाचें बोलणें ऐकावें, आणि चर्चा खुंटली तर प्रश्न करून ती पुढें ढकलावी, अशी ही कल्पना. ऑस्टिनची जिगसॉ पद्धतिही तेथें पुन्हां हातीं घेण्यांत आली.

यंत्रानें उत्तर न देतां प्रश्न करावा, हा आग्रह श्रोत्यांना विचित्र वाटेल. परंतु सारें मर्म त्यांतच आहे. सन २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आलें, आणि विचारावें तें उत्तर क्षणांत मिळूं लागलें. ऑस्टिनच्या त्या वर्गांत असें यंत्र असतें तर कोणत्या मुलानें त्या अडखळणाऱ्या सोबत्याची वाट पाहिली असती? त्याच्या तुकड्याला किंमत होती ती इतरांना तो दुसरीकडे मिळत नव्हता म्हणून.

यंत्राच्या ऐकण्याविषयींही प्रश्न आहेच. मुलांचें बोलणें टिपून घ्यावयाचें तर तें कोणाच्या हातीं जाणार? बोल्डरच्या एका साधनांत याकरितां एकेका मुलाचे गुण न दाखवितां साऱ्या वर्गाचेंच चित्र दाखविण्याची योजना केली होती. परस्परांचा मान राखणें, सर्वांना वाव देणें असे करार मुलांनीं आपसांत ठरवावे, आणि ते कितपत पाळले गेले तें यंत्रानें दाखवावें. पण प्रत्यक्ष वर्गांत खुर्च्या सरकतात, चौघे एकदम बोलतात, शेजारच्या गटाचा गलका मिसळतो. शिवाय असलीं यंत्रें बहुतांशीं प्रौढांच्या स्वच्छ उच्चारांवर घडविलेलीं. मुलांचा आवाज, विशेषतः परक्या वळणाचा उच्चार, त्यांना नीटसा उमजत नाहीं. तेव्हां यंत्राच्या नोंदींतून गळून पडण्याची अधिक भीति ज्याला आहे, तो ऑस्टिनचा तोच अडखळणारा मुलगा होय.