कुळांची नावे जमीनदारांच्या वह्यांत

डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठी 'फोर कोर्ट्स' ही न्यायालयांची इमारत उभी आहे. तिच्याच आवारात आयर्लंडचा सार्वजनिक दफ्तरखाना होता. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नसताना, तेथे प्रचंड स्फोट झाला आणि त्यापाठोपाठच्या आगीत शतकानुशतकांचे दफ्तर भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीची बहुतेक मूळ पत्रके, हजारो मृत्युपत्रे, चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्या त्यात गेल्या. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारने त्यापूर्वीच नष्ट केली होती. १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यात गेली. परिणामी, आयर्लंडची संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी शिरगणती १९०१ ची आहे.

मग त्याआधीच्या सामान्य शेतकऱ्याचा माग काढायचा कोठे? या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्याच्या जमीनदाराच्या कचेरीत सापडते.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील बहुतेक सर्व शेतजमीन काही हजार जमीनदार घराण्यांच्या मालकीची होती. प्रत्येक मोठ्या इस्टेटीवर कारभारी असे आणि त्याच्या कचेरीत खंडवसुलीच्या वह्या, भाडेपट्टे, शेतांचे नकाशे, थकबाकीच्या याद्या व पत्रव्यवहार साठत जाई. कुळाचे नाव, त्याच्याकडील जमीन, ठरलेला खंड, पट्ट्याची मुदत, थकबाकी आणि प्रसंगी जमिनीवरून हुसकावल्याचा शेरा, असे सारे त्यात येई.

१८७० पासूनच्या जमीनविषयक कायद्यांनी, विशेषतः १९०३ च्या विंडहॅम कायद्याने, कुळे जमिनीची मालक होऊ लागली. जमीन गेली तशी वह्यांची गरजही संपली. त्या तळघरांत, तबेल्यांत, वकिलांच्या कचेऱ्यांत पडून राहिल्या. १९२० ते १९२३ या काळात तर जमीनदारांचे अडीचशेहून अधिक वाडे जाळले गेले. अंदमानात १८७२ मध्ये ज्यांची हत्या झाली त्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या घराण्याचा किल्डेअर परगण्यातील पामर्सटाउन हा वाडाही १९२३ मध्ये त्यात सापडला. लोकांचा संताप समजण्याजोगा होता. मात्र अशा आगींत जमीनदाराच्या झुंबरांबरोबर कुळांच्या आजोबा-पणजोबांची नावेही जळाली.

स्ट्रोक्सटाउनचे कागद

रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउनची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. जिम कॅलरी या स्थानिक व्यावसायिकाने १९७९ मध्ये ही इस्टेट विकत घेतली, ती आपल्या वाहनांच्या व्यवसायासाठी जागा हवी म्हणून. तेथील जुने कागद चाळताना त्यांच्या हाती क्लुनाही येथील कुळांनी १८४६ मध्ये, बटाट्याचे पीक बुडाल्यावर, जमीनदाराकडे मदतीची याचना करण्यासाठी लिहिलेला अर्ज लागला. कागद टाकून न देता जपायचे त्यांनी ठरविले. आज हा संग्रह पन्नास हजारांहून अधिक कागदांचा आहे.

त्यातून उलगडणारा इतिहास भीषण आहे. माणसे पोसण्यापेक्षा त्यांना परदेशी धाडणे स्वस्त पडेल, असा हिशेब कारभाऱ्याने मांडला. त्यानुसार १८४७ मध्ये १,४९० कुळांना चालवत डब्लिनला नेण्यात आले आणि लिव्हरपूलमार्गे कॅनडातील क्विबेकला जहाजांतून पाठविण्यात आले. त्यांपैकी 'व्हर्जिनियस' या जहाजावरील ४७६ प्रवाशांपैकी १५८ जण समुद्रातच मरण पावले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला जमीनदार डेनिस महॉन यांचा गोळ्या घालून खून झाला. १९९४ मध्ये याच वाड्यात राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय सुरू झाले. पुढे या कागदांच्या जतनाचे काम किल्डेअर परगण्यातील कॅसलटाउन हाउस येथे, मेनूथ विद्यापीठाच्या सहभागाने २००८ मध्ये उघडलेल्या केंद्रात झाले.

सरकारी पातळीवरील प्रयत्नांत उत्तर आयर्लंडचा अनुभव बोलका आहे. १९२३ च्या कायद्याने बेलफास्टमध्ये नवा दफ्तरखाना निघाला तेव्हा त्याच्याकडे ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते. त्याचे पहिले प्रमुख डी. ए. चार्ट यांनी वकील आणि जमीनदार घराण्यांकडे मागणी करून खासगी कागद मिळविले. लॉर्ड डफरिन या आणखी एका व्हाइसरॉयच्या घराण्याचे दफ्तर आज तेथेच आहे. २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दफ्तरखान्याची संगणकीय प्रतिकृती खुली झाली. देशोदेशीच्या संग्रहांतील नकला शोधून हरवलेल्या जागा तिच्यात भरल्या जात आहेत.

गावांचा भूगोल जपला तो मोजणी खात्याने. थॉमस कोल्बी यांच्या देखरेखीखाली १८२४ मध्ये सुरू झालेल्या मोजणीतून १८४६ पर्यंत सर्व देशाचे मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे तयार झाले; 'टाउनलँड' म्हणून ओळखले जाणारे साठ हजारांवर लहान शिवार त्यांत नावानिशी आले. कोल्बी यांनी पायारेषा मोजण्यासाठी बनविलेल्या धातूच्या दांड्यांसारख्याच दांड्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये भारतीय मोजणीसाठी आणल्या होत्या.

जमीनदारांच्या वह्यांना मर्यादा आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. खंड भरणाऱ्या कर्त्या पुरुषाचे नाव त्यांत सापडते. त्याची बायको-मुले, पोटकुळे आणि शेतमजूर यांचा बहुधा उल्लेखही नसतो. या वर्गाच्या जीवनाकडे पाहण्यासाठी वेगळ्याच वह्या उपयोगी पडतात. १९३७ ते १९३९ दरम्यान आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या योजनेत सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून दुष्काळाच्या आठवणी, शेतांची नावे, औषधे, भुतांच्या गोष्टी, जुने खेळ ऐकून लिहून काढले. हा संग्रह सुमारे ७ लाख ४० हजार पानांचा असून तो आता संगणकावर वाचता येतो. मुलांचे हस्ताक्षर लावून मजकूर टंकलिखित करण्याचे काम स्वयंसेवक करतात. त्यांच्या गटाला 'मेहल' म्हणतात. आपल्याकडे जिला इर्जिक म्हणत, त्या शेजाऱ्यांनी मिळून शेतकाम उरकण्याच्या रीतीचे हे आयरिश नाव आहे.