छातीवरचा बिल्ला

१९८२ साली मी एक्स-रे टेक्निशियन म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी मशीनला हात लावायच्या आधी हातात बॅज पडला. प्लॅस्टिकच्या डबीत धातूची पट्टी, पट्टीवर शर्टाच्या बटणाएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या. अंगावर पडलेले किरण चकतीतलं कॅल्शियम सल्फेट मुकाट्याने साठवतं. तापवलं की उजेड देतं, आणि त्या उजेडावरून डोस मोजतात. आमच्या सीनियर बाईंनी त्याआधीचे फिल्मचे बॅज वापरले होते. पावसाळी दमट हवेत फिल्म खराब व्हायची म्हणायच्या. चकत्यांचे हे टीएलडी बॅज आले १९७५ मध्ये.

ठरल्या मुदतीत बॅज गोळा करून ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राकडे जायचे. एकदा माझा डोस भलताच जास्त आला आणि पाठोपाठ विचारणा: असं कसं झालं? आठवून आठवून उलगडलं. जेवायला जाताना एप्रन खोलीतच खुंटीला टांगला होता, बॅज त्याच्यावरच. दुपारभर दुसऱ्याने पाठीचे, कमरेचे फोटो काढले. किरण खाल्ले खुंटीने, बोलणी खाल्ली मी. बॅज एप्रनच्या आत, छातीशी लावायचा, हे तेव्हापासून कधी विसरले नाही.

या विचारणेमागे अणुऊर्जा कायदा होता १९६२चा आणि किरणसंरक्षणाचे नियम १९७१चे. देखरेखीला वेगळं मंडळ मात्र नव्हतं; अणुऊर्जा खात्यातलीच माणसं खात्यावर नजर ठेवत. तारापूरच्या अणुकेंद्राची वीज १९६९ पासून सुरू, आणि अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ला. तेही संसदेत वेगळा कायदा करून नव्हे, सरकारी आदेशाने. आणि उत्तरदायी होतं कोणाला, तर अणुऊर्जा आयोगालाच. सुनेने सासूचा हिशेब तपासायचा, त्यातला प्रकार.

तरी मंडळाने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्यांच्या डोसला वर्षाला ५० मिलिसिव्हर्टची मर्यादा होती, ती पाच वर्षांत मिळून १०० आणि कुठल्याही एका वर्षात ३० वर आणली. पण २०१२ साली कॅगने मोजदाद मांडली: देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी मंडळाकडे नोंद फक्त ५,२७० ची. मला आश्चर्य वाटलं नाही. पडद्याआड मशीन थाटलेल्या खोल्या मी पाहिल्या होत्या.

मध्यंतरी गुडघ्याचा फोटो काढायला गेले. फोटो काढणाऱ्या मुलाच्या अंगावर एप्रन होता, बॅज दिसेना. विचारलं, तर त्याने टेबलाचा खण उघडून दाखवला.

"हरवला तर पैसे भरावे लागतात, मावशी."