उज्जैनची यात्रा आणि स्वस्त विमान: फायदे, तोटे आणि प्रवाशांचे हक्क

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या उज्जैनच्या महाकालेश्वराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात या मंदिराचा जीर्णोद्धार केला. राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी शिंद्यांचा कारभारही उज्जैनहूनच चालत असे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ परिसराचे लोकार्पण झाल्यापासून तेथील गर्दी वाढली असून, २०२८ मध्ये सिंहस्थ भरणार आहे. गोव्याहून रेल्वेने या प्रवासाला सुमारे एक दिवस लागतो. त्यामुळे वृद्ध आईवडिलांना घेऊन निघणारी कुटुंबे अल्पदरी विमानसेवेचा विचार करतात. तो पर्याय किफायतशीर आहे की नाही, हे मात्र केवळ तिकिटावरील आकड्यावरून ठरत नाही.

स्वस्ताईमागचे गणित

अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सने १९७१ मध्ये टेक्सासमधून उड्डाणे सुरू केली आणि पुढे तिची कार्यपद्धती जगभर अनुकरली गेली. भारतात कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये हा प्रयोग केला. त्यानंतर २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो आणि २०२२ मध्ये अकासा एअर या कंपन्या आल्या.

या कंपन्या शक्यतो एकाच जातीची विमाने वापरतात. त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल यांचा खर्च कमी होतो. आसने दाटीने बसवली जातात आणि जेवण तिकिटात धरलेले नसते. उतरलेले विमान अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडते. जमिनीवर उभे असलेले विमान कमाई करत नाही, हे या व्यवसायाचे मूलसूत्र आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र सवलत नसते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम स्वस्त आणि महाग अशा दोन्ही सेवांना सारखेच लागू असतात.

फायदे

वेळेची बचत हा सर्वांत मोठा लाभ. थेट विमान मिळाल्यास गोवा ते इंदूर हे अंतर दोन तासांच्या आत कापले जाते. गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांना वरच्या बर्थवर चढण्याचा किंवा रात्रभर अवघडून बसण्याचा त्रास वाचतो. चाकाच्या खुर्चीची गरज असल्यास तिची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. सणासुदीचे व सुट्टीचे दिवस टाळून काही आठवडे आधी आरक्षण केल्यास भाडे बऱ्याचदा वातानुकूलित रेल्वेभाड्याच्या जवळपास येते. नोकरदारांची एखाद-दुसरी रजाही वाचते.

तिकिटात न दिसणारा खर्च

उज्जैनला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरून पुढे सुमारे ५५ किलोमीटर रस्त्याने जावे लागते. रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांना टॅक्सीवाचून पर्याय उरत नाही.

गोव्याच्या बाजूलाही विचार करावा लागतो. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि राज्यात दोन विमानतळ झाले. पेडणे वा बार्देशातील प्रवाशाला मोपा जवळ, तर सासष्टी किंवा काणकोणच्या प्रवाशाला दाबोळी. जाताना एक आणि परतताना दुसरा विमानतळ असलेले तिकीट स्वस्त दिसते, पण दाबोळीला ठेवलेली गाडी मोपाला उतरणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

देशांतर्गत प्रवासात साधारणतः १५ किलो चेक-इन सामान आणि ७ किलो हातसामान भाड्यात समाविष्ट असते. त्यावरील प्रत्येक किलोला वेगळा आकार पडतो. आवडीचे आसन आणि खाद्यपदार्थ यांचेही तसेच आहे. समजा, चौघांच्या कुटुंबाने माणशी ५०० रुपये स्वस्त पडणारे रात्रीचे विमान निवडले, तर २,००० रुपये वाचले. लांबच्या विमानतळाची टॅक्सी आणि इंदूरमधील एका रात्रीची खोली यांत ती बचत सहज संपते. यात्रेकरूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पूजेसाठीचे सुके खोबरे ज्वलनशील मानले जात असल्याने ते चेक-इन सामानात चालत नाही.

खरा धोका वेळेचा

एकच विमान दिवसभरात अनेक शहरांच्या फेऱ्या करते. सकाळी एका शहरात धुके पडले, तर त्याचा परिणाम संध्याकाळच्या गोव्याच्या उड्डाणापर्यंत पोहोचतो. मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी अधिक सावध असावे. दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. त्यातच मुंबईची दोन टर्मिनले एकमेकांपासून दूर आहेत. संपूर्ण प्रवास एकाच आरक्षणात असल्यास हा धोका टळतो.

कंपनीच अडचणीत आल्यास प्रवाशाच्या हाती फारसे काही उरत नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली आणि अनेकांचे पैसे अडकले. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू झाल्यानंतर इंडिगोला काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. देशांतर्गत वाहतुकीचा निम्म्याहून अधिक वाटा एकाच कंपनीकडे असल्याने तेव्हा पर्यायही अपुरे पडले.

उज्जैनच्या यात्रेकरूला ही अनिश्चितता विशेष जाचक ठरते. महाकालेश्वराची भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. तिचा परवाना आगाऊ घ्यावा लागतो आणि तो ठरावीक दिवसापुरता व ओळखपत्राशी जोडलेला असतो. आरतीसाठीची रांग मध्यरात्रीनंतरच लागू लागते. आदल्या रात्रीचे विमान रद्द झाले, तर तिकिटाचे पैसे परत मिळतील. हुकलेली आरती मिळणार नाही.

प्रवाशाचे हक्क

सूट देऊन विकलेल्या तिकिटालाही पुढील नियम लागू होतात.

• विमान कंपनीच्या कारणाने उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी एकाची निवड प्रवाशाने करायची असते.

• उड्डाण रद्द झाल्याची सूचना २४ तास आधी मिळाली नाही, तर भरपाईही देय असते. एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ती ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी मिळते. खराब हवामान किंवा सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झालेल्या उड्डाणांना ही तरतूद लागू नाही.

• अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक विलंब झाल्यास विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाद्यपदार्थ देणे कंपनीवर बंधनकारक आहे.

• प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले आणि ते ‘परतावा नाही’ या अटीचे असले, तरी न केलेल्या प्रवासाचे सरकारी कर व विमानतळ शुल्क परत मिळते. अनेक जण ते मागतच नाहीत.

निवड कशी करावी

भस्म आरतीचा परवाना असणाऱ्यांनी किमान एक पूर्ण दिवस आधी उज्जैन गाठावे आणि शक्यतो सकाळचे विमान घ्यावे, कारण दिवसभराचा साचलेला उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. परतीच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम ठेवू नये. वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा त्या सुमारास आरक्षण करताना थेट विमान कायम आहे ना, याची खात्री करावी. सामान जास्त असेल, माणसे अधिक असतील किंवा तारीख ऐनवेळी ठरली असेल, तर कोकण रेल्वेने मडगावहून उज्जैनला थेट जाणारी साप्ताहिक गाडी किंवा मुंबईहून रात्री प्रवास करून सकाळी उज्जैनला पोहोचवणारी अवंतिका एक्सप्रेस अधिक सोयीची ठरते.

थोडक्यात, ज्याच्या हाताशी एखादा दिवस मोकळा आहे, त्याला स्वस्त विमान खरोखरच स्वस्त पडते. तासातासाचा हिशेब मांडून निघणाऱ्याला मात्र तेच तिकीट सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो.