बाहुली नेहमी नवरीच का?



ठाण्यात, कल्याणला किंवा डोंबिवलीत बचत गटांचं प्रदर्शन भरलं, की बाहुल्यांच्या टेबलापाशी जरा थांबून बघा. कापडाच्या बाहुल्या असतात, लोकरीच्या असतात, रुखवतासाठी सुपारीच्या आणि नारळाच्या असतात. करणारे हात वेगवेगळ्या गावांचे, पण बाहुली बहुतेक वेळा एकच. हिरवी नाहीतर लाल नऊवारी, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या, रंग गोरा आणि नजर खाली. शेजारी फेटा बांधलेला नवरदेव, ताठ मानेचा.

त्या बाहुलीत वाईट काही नाही. ती सुंदर असते, तिच्यावर मेहनत असते, आणि तिच्यावर कुणाच्या तरी घरची चूल पेटते. पण घरोघरच्या मुलींच्या हातात वर्षानुवर्षं हीच एक बाई जात असेल, तर ती आली कुठून हे आपल्याला माहीत हवं. म्हणून आज बाहुलीचा इतिहास सांगते.

सुरुवात साच्यापासून करू. धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, ती मोठी बाजारपेठ होती. तिथल्या जमिनीत पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या सापडल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासनाचं वस्तुसंग्रहालय त्याच गावात आहे, तिथे अशा वस्तू ठेवल्या आहेत. या बाहुल्या करायची रीत अशी. एक साचा पुढच्या बाजूचा, एक मागच्या बाजूचा. दोन्हींत माती दाबायची, दोन्ही अर्धुकं जोडायची आणि भाजायची. आतून पोकळ, वजनाला हलकी. एकदा साचा केला, की एकीसारखी दुसरी हव्या तितक्या काढता येत.

त्या काळी आपलं कल्याणही बंदर होतं. ग्रीक भाषेतल्या एका जुन्या नाविक पुस्तकात कल्याणचं नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या लोकांनी दिलेली दानं कोरून ठेवली आहेत. आपल्या किनाऱ्यावरचा माल दूर रोमच्या राज्यात जात असे. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ साली खोदकामात एक हस्तिदंती बाई मिळाली. घडण आपल्याकडची, अंगभर दागिने. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालेल्या मूर्तींशी ती जुळते. म्हणजे दागिन्यांनी मढलेली सुबक बाई ही दोन हजार वर्षांपूर्वीही लांबच्या बाजारात खपत होती.

यातून बाजाराची एक चाल कळते. जे खपतं त्याचा साचा होतो, आणि साचा झाला की तेच पुढे खपत राहतं. आज साचा मातीचा नसेल. मोबाईलवर बघितलेला नमुना असेल, नाहीतर दुकानदाराने दिलेली ऑर्डर असेल. चाल तीच.

आता बाजारातून घरात येऊ. आपल्या आज्यांच्या घरी विकतची बाहुली क्वचितच. जुन्या लुगड्याची चिंधी, आत कापूस नाहीतर भुसा, काजळाचे डोळे, काळ्या दोऱ्याचे केस. लाकडी बाहुलीला ठकी म्हणत. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची रंगीत लाकडी खेळणी आणि भातुकलीची भांडी तर प्रसिद्धच आहेत. पण चिंधीच्या बाहुलीला साचा नव्हता. जिच्या घरात जे लुगडं फाटलं, त्या रंगाची बाहुली. जिचा हात जसा, तसा तिचा चेहरा. कुणाची जाडी, कुणाची सावळी, कुणाची एका डोळ्याने तिरळी. तिला गोरी करायला गोरं कापड असतंच असं नाही. म्हणून घरोघरची बाहुली वेगळी दिसायची.

दिसायला वेगळी असली, तरी तिच्या नशिबी खेळ मात्र एकच होता, लग्न. एका मैत्रिणीची बाहुली, दुसरीचा बाहुला. दोघी एकमेकींच्या विहिणी. भातुकलीत रुखवत मांडायचं, अक्षता टाकायच्या, मानपानावरून खोटंखोटं रुसायचं. शेवटी बाहुली मैत्रिणीच्या घरी द्यायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. मुलीची आई असणं म्हणजे काय, हे पोरींना या खेळातच कळायचं.

हा खेळ खेळणाऱ्या मुलींचं खरं लग्नही फार लांब नसे. आपल्या कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचंच उदाहरण घ्या. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव तिच्यापेक्षा बराच मोठा, बिजवर, कल्याणच्या पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली. ते मूल दहा दिवसांत गेलं, आणि तेव्हाच तिने डॉक्टर व्हायचं मनात घेतलं. याच आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी. १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

मुलीचं लग्नाचं वय किमान १४ असावं, असा कायदा व्हायला १९२९ साल उजाडलं. ते १८ झालं १९७८ मध्ये. कायद्याने मुलीचं वय वाढवलं, पण बाहुली होती तिथेच, बोहल्यावर राहिली.

मग बाहुल्या फक्त लग्नापुरत्याच होत्या का? नाही. त्या मांडायच्या आणि जपायच्याही दोन रीती आपल्या भागात आहेत, आणि दोन्ही बायकांच्या.

पहिली आपली चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर पाळण्यात बसते. हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्यापुढे पायऱ्यांची आरास करतात. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि घरातली सगळी खेळणी नि बाहुल्या. चार बायका येतात, आरास बघतात, कौतुक करतात. घरातली बाई वर्षानुवर्षं जपलेल्या वस्तू त्या दिवशी बाहेर काढते.

दुसरी रीत तमिळ घरांतली. १८५३ साली रेल्वे मुंबईहून ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. नोकरीधंद्याला आलेली माणसं पुढे या मार्गावर वसली. माटुंगा, चेंबूर, मुलुंड, ठाणे, डोंबिवली इथे तमिळ कुटुंबं आहेत. नवरात्रात आपल्याकडे भोंडला चालतो, तेव्हा त्यांच्या घरी गोलू मांडतात. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम पायऱ्या, वर देव, खाली माणसं. दरवर्षी निदान एक नवी बाहुली आणायची असा रिवाज आहे. त्यामुळे आजीपासून नातीपर्यंतचा संग्रह एका घरात साठत जातो. दसऱ्याच्या रात्री त्यांतली एक बाहुली आडवी करून निजवतात.

गोलूतल्या दोन जोड्या मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. एक मरपाच्ची, म्हणजे लाकडी नवरा-बायको. मुलीला लग्नात माहेरून ही जोडी मिळते आणि दरवर्षी ती नव्या कपड्यांनी नटवायची असते. तिथेही जोडपंच आहे, पण घरच्या बायकामुलींच्या हाताने सजणारं. म्हणून प्रत्येक घरातलं वेगळं दिसतं. दुसरी जोडी चेट्टियारांची. पोट सुटलेला वाणी आणि त्याची बायको. दोघं दुकान मांडून बसलेली, पुढ्यात खरोखरचे डाळ, तांदूळ, मीठ, गूळ. ही बाई नवरी नाही आणि सडपातळही नाही. ती धंद्याच्या गादीवर बसली आहे आणि घरोघर तिला मानाची जागा आहे. म्हणजे बाहुलीचं दुसरं रूप लोकांना चालत नाही, असं मुळीच नाही.

एकसारखेपणा पुन्हा वाढला तो देश स्वतंत्र झाल्यावर. व्यंगचित्रकार शंकर यांनी दिल्लीत १९६५ साली बाहुल्यांचं मोठं संग्रहालय उघडलं. देशोदेशींच्या बाहुल्या तिथे आहेत, आणि तिथल्याच कार्यशाळेत भारतातल्या प्रांतांच्या पोशाखातल्या बाहुल्या तयार झाल्या. काम नजाकतीचं आणि कपड्यांचे बारकावे जपणारं. पण अशा बाहुल्यांची नक्कल जेव्हा हस्तकलेच्या दुकानांत आणि स्टेशनाजवळच्या टपऱ्यांवर झाली, तेव्हा बारकावे गळले आणि ठोकळा उरला. प्रत्येक प्रांत म्हणजे एक नटलेली नवरी नाहीतर एक नाचणारी. महाराष्ट्र म्हणजे नथ आणि नऊवारी. त्याच नऊवारीचा काष्टा मारून जी बाई गुडघाभर चिखलात भात लावते, ती त्या कपाटात दिसेना.

इथे पुन्हा आनंदीबाई आठवतात. १० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा एक फोटो जगभर पाहिला जातो. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकणाऱ्या तिघी त्यात आहेत. एक आपल्या आनंदीबाई, एक जपानची, एक सीरियाची. प्रत्येक जण आपापल्या देशाच्या पोशाखात. पहिल्या नजरेला वाटावं, देशोदेशींच्या तीन बाहुल्या मांडल्यात. पण तिघीही डॉक्टरीच्या विद्यार्थिनी. पोशाख आपला ठेवूनही बाई कामाने ओळखली जाऊ शकते, हे त्या फोटोत दिसतं.

आता परदेशी बाहुलीकडे वळू, कारण आज गावच्या जत्रेतही तिची नक्कल मिळते. बार्बी १९५९ साली अमेरिकेत आली. रूथ हँडलर या बाईने ती आणली. तोवर मुलींच्या हातात बहुधा तान्ह्या बाळाची बाहुली देत. या बाहुलीने मुलीला आई न करता मोठी बाई होण्याचा खेळ दिला, हे तिचं श्रेय. पण कमर इतकी बारीक, पाय इतके लांब, की तशी बाई शोधून सापडू नये. १९६१ मध्ये तिच्या जोडीला केन नावाचा बाहुला आला. काळ्या रंगाची बार्बी त्याच नावाने यायला १९८० उजाडलं. जाड, ठेंगणी आणि उंच अशा तीन नव्या बांध्यांच्या बाहुल्या आल्या २०१६ मध्ये, म्हणजे ५७ वर्षांनी. २०१९ मध्ये त्याच कंपनीने अशी बाहुली काढली, की तिला मुलगा करा नाहीतर मुलगी. आखूड केस, वर लांब केसांचा टोप, सोबत पँटही आणि झगाही. आपल्याकडे बार्बीला साडी नेसवून टिकली लावली, पण आतला बांधा बदलला नाही.

साचे बदलायला वेळ लागतो, पण ते बदलतात. लोक वेगळं मागायला लागले की कंपनीही वेगळं करते. आणि कंपनीला साचा बदलायला लाखो रुपये लागतात. आपल्याला काय लागतं? वीतभर कापड. चिंधीची बाहुली करणाऱ्या बाईला साचा आडवा येत नाही.

म्हणून गटातल्या बायांना माझं तीन गोष्टींचं सांगणं आहे. पहिली, नवरीची बाहुली बंद करू नका. तिला मागणी आहे आणि त्या पैशाची गरज आहे. पण टेबलावर तिच्या शेजारी दुसऱ्या दोन-तीन ठेवा. भात लावणारी, वाण्याच्या गादीवर बसलेली, आशाताई, एसटीची कंडक्टर. आणि कल्याणच्या बाजूला राहता, तर नऊवारीतली डॉक्टर आनंदीबाई. फेटेवाल्या नवरदेवासोबत पोळ्या लाटणारा बाहुलाही बसू द्या. गिऱ्हाईक हसेल, उचलून बघेल, आणि जी वस्तू उचलून बघतात तिचीच पुढे मागणी होते.

दुसरी, रंग. बाहुलीला कापड निवडताना आपल्याच हाताशेजारी धरून बघा. गहूवर्णी, सावळं, काळं, सगळं कापड बाजारात मिळतं. घरची सावळी पोर बाहुली हातात घेते तेव्हा तिला आपल्यासारखं कुणीतरी दिसायला हवं.

तिसरी, जपणूक. तेरच्या बाहुल्या भाजलेल्या होत्या म्हणून टिकल्या, आणि कुणीतरी जमवल्या म्हणून आपण बघतो. आपल्या आज्यांच्या चिंधीच्या बाहुल्या कुणी जमवल्या नाहीत, त्या चुलीत नाहीतर उकिरड्यावर गेल्या. गावात एखाद्या म्हातारीच्या ट्रंकेत अजून एखादी असेल, तर ती मागून घ्या, किंवा तिच्याकडूनच तशी नवी करून घ्या. मागच्या बाजूला तिचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने घाला. पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाची आरास मांडाल, तेव्हा ती वरच्या पायरीवर ठेवा, आणि बघायला आलेल्या पोरींना ती कुणी केली ते सांगा.